दोरीला हात

त्या दिवशी वारा साफ पडला होता. समुद्र तेल ओतल्यासारखा गप्प, मांडवात सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. आबांची शोकसभा होती. गेलेल्या माणसाचे किस्से किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्यासारखे, ओढावे तितके येतच राहतात. पण माइकवर ओढत होते कोण? जिवंतपणी ज्यांनी आबांना शिव्या घातल्या ते! मी शांत माणूस. जीप घाटात बंद पडली तरी बोनेट उघडून निवांत बसणारा. त्या दिवशी मात्र डोकं तापलं. म्हणून खरे किस्से मी सांगतो, नात लिहून घेते. मी शाळा पाहिली नाही, पण आबांची जीप पंधरा वर्षं चालवली.

*

आबा अपक्ष आमदार. निवडून आले त्याच आठवड्यात किनाऱ्यावर रापण लागली होती. आमची रीत अशी, की दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा, मग तो कोणीही असो. कोणीतरी म्हणालं, "आबा, फोटोपुरता हात लावा." आबांनी पँट दुमडली आणि जाळं वर येईपर्यंत दोन तास ओढलं!

तिकडे कुडाळात सरकारी साहेबांची मीटिंग खोळंबलेली. साहेब चिडले, "दोरी सोडून यायचं ना!"

"जाळा मधीच सोडतत काय?" आबांनी वाट्याचे बांगडे टेबलावरच ठेवले. साहेबांनी नाक दाबलं. आबा म्हणाले, "भियां नको, तुमका देणय नाय. तुम्ही खंय ओढलात?"

*

मुंबईहून एका पक्षाचा माणूस आला. आबा ओट्यावर पेज जेवत होते.

"मंत्री करतो. आमच्यात या."

"मतदारांक विचारूक व्हया."

"किती जणांना?"

"सगळ्यांक."

"अहो, वर्ष जाईल!"

"मगे वर्षान येवा. आता पेज खावा."

*

मग एका रिसॉर्टवाल्याला आमचा रापणीचा किनारा कुंपण घालून हवा झाला. त्याचा वकील ग्रामसभेत ओरडला, "समुद्र काय तुमच्या नावावर आहे?"

आबा उठले. "नाय. तुमच्या आसा?"

कुंपण थांबलं. आबा आमदार होते तोवर थांबलं.

*

पुढच्या निवडणुकीत समोरच्याने घरोघर मिक्सर वाटले. आबा पडले. आमच्याच गावात पडले! माझ्या सुनेचं खोबऱ्याचं वाटप अजून त्याच मिक्सरवर होतं. घर्र आवाज आला की मी अंगणात जाऊन बसतो.

पावसाळा सरला आणि कुंपण उभं राहिलं. रापण बंद. आबा एकदा बघायला आले. वॉचमनने अडवलं. जीपमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाले, "गाडी हळू घे रे."

*

शोकसभा संपली. नवीन आमदार सगळ्यांना रिसॉर्टच्या गेटवर घेऊन गेले. आमची किनाऱ्यावर जायची जुनी वाट तीच. तिथे पडदा लावलेली पाटी. आमदार माइकवर म्हणाले, "आबांचे जुने ड्रायव्हर पुढे या! तुमच्या हातून होऊ द्या."

आबांचं नाव ऐकलं आणि मी गेलो. त्यांनी पडद्याची दोरी हातात दिली, मी ओढली. टाळ्या! फोटो!

शेजारचा पास्कू मागे उभा होता. तो चार बुकं शिकलेला. मी विचारलं, "काय लिवलाहा रे?"

"वर आबांचा नाव. खाली, खासगी रस्ता, प्रवेश बंद."

माझ्या हातात दोरी तशीच. पास्कूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हात लावलंस मां? मगे वाटो घेवन जा."