टाळ खाणारं मशीन

उंब्रजला कुणी काही वाजणारं विकत घेतलं की आधी मला बोलावतात. मांडवातला लाऊडस्पीकर असो, देवळातला माईक असो, नाहीतर कुणाची नवी मोटरसायकल. मी ऐकतो, नाक मुरडतो आणि निकाल देतो. सगळे मला मेजर म्हणतात. मी रिटायर झालो हवालदार म्हणून, पण गावाला तेवढा फरक चालतो. सगळी नोकरी तोफखान्यात काढूनही माझे कान शाबूत राहिले, याची मला घमेंड होती.

आमच्या भजनी मंडळानं कराडला स्टुडिओत जाऊन एक सीडी केली. तिच्यात टाळ माझा आहे. घरच्या जुन्या प्लेअरवर ती लावली, तर सगळं ऐकू आलं आणि टाळ तेवढा गायब. मी त्या प्लेअरला खूप शिव्या घातल्या. मग सांगलीतला एक हळदीचा व्यापारी आपला भारीतला परदेशी सीडी प्लेअर विकायला काढतोय असं कळलं, तेव्हा म्हटलं, चला, पारखून येऊ. बायको म्हणाली, "मीबी येते. हळद घ्यायचीच हाय." तिला गाण्याबजावण्यात काडीचा रस नाही, त्यामुळे तिची अडचण होणार नव्हती.

व्यापाऱ्याची गाणी ऐकायची खोली गोदामाच्या वर होती. जाड पडदे, जाड सतरंजी, आणि सगळ्याला हळदीचा वास. मी प्लेअर उचलून पाहिला. चांगलाच जड होता. जड वस्तू टिकाऊ असते हे मला लष्करानं शिकवलंय, आणि ती वाहायलाही लष्करानंच लावलीय.

व्यापारी स्वतःची सीडी लावायला लागला. मी म्हटलं, "ती राहू द्या. इकणाऱ्याच्या मापानं आमी मोजत न्हाई." आणि खिशातून आमची काढून दिली.

काय सांगू! पखवाजाची थाप छातीवर बसत होती. पेटीचा भाता श्वास घेत होता. आमचे बुवा सुरुवातीला घसा खाकरतात, तेही आलं. मी डोळे मिटून टाळाची वाट बघत बसलो. भजन संपलं.

"मेजर, कसं काय?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"मशीन टाळ खातंय," मी म्हटलं.

बिचाऱ्यानं सीडी पुसली. वायरी बदलल्या. स्पीकर भिंतीपासून पुढं ओढले. पुन्हा लावलं. पखवाज आणखी छान झाला. टाळ नाही तो नाहीच. "मेजर, टाळ तर खणखणीत वाजतोय की," तो म्हणाला. विकणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

"आवं, वाजतोय की," मागून बायको म्हणाली.

ती हळदीची पुडी मांडीवर घेऊन बसली होती. मी भडकलो. "तुला काय कळतंय त्यातलं? गप बस."

ती गप्प बसली नाही. उठून माझ्या शेजारी आली आणि माझ्या गुडघ्यावर बोट मारायला लागली. "ह्यो बगा. ह्यो. आता दोनदा. ह्यो."

बोट बरोबर तिथंच पडत होतं, जिथं माझे हात पडले असते. दोनदाची जागाही बरोबर. ती जागा मंडळात माझ्याशिवाय कुणी घेत नाही. भजनात बसलं की टाळ मनगटात कळतो, त्यामुळे तो कानात येतोय की नाही हे मी कधी तपासलंच नव्हतं. व्यापारी भला माणूस, तो चहाचं सांगायला खाली निघून गेला.

"कुकरच्या शिट्ट्याबी तुमाला येत न्हाईत," बायको म्हणाली. "मला वाटायचं, मुद्दामच उठत न्हाईसा."

"मग बोलली का न्हाईस?"

"रोज बोलतीया की. तेबी ऐकलं न्हाईसा."

चहा आला, तो प्यालो. चहा गोड होता. मग मी व्यापाऱ्याला निकाल दिला, की मशीनमध्ये काही दोष नाही. आमच्या घरच्या जुन्या प्लेअरमध्येही नसावा, पण ते मी बोललो नाही. प्लेअर घेतला, हळदही घेतली, आणि घरी आलो. रस्ताभर मला रडू येत होतं. बायको खिडकीतून ऊस बघत होती, ते बरं झालं.

गावात अजून निकालाला बोलावतात. मी बायकोला बरोबर नेतो. लोकांना वाटतं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.

संध्याकाळी स्वयंपाक चढवून आम्ही दोघं सीडी लावून बसतो. तिचं बोट माझ्या गुडघ्यावर असतं. परवा मधेच ते ठेक्याबाहेर पडलं.

"चुकलीस," मी म्हटलं.

"चुकले न्हाई," ती म्हणाली. "कुकर हाय."

मी उठलो आणि गॅस बंद केला.