पोहत आलेलं मांजर

आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढणाऱ्याला सगळे पडदेमामा म्हणत. चाळीस वर्षं हा माणूस विंगेत दोरी धरून उभा राहिला आणि तिथून त्याने आम्हा नटांची एकूण एक चोरी पकडली. कुणी वाक्य गाळलं, कुणी दुसऱ्याच्या टाळ्या खाल्ल्या, मामाला सगळं दिसायचं. मी नीट काम करायला शिकलो तो त्याच्या धाकाने. कंपनी बंद पडली, पकडायला चोर उरले नाहीत, तेव्हा मामा मासे पकडू लागला.

रोज सकाळी तो तळ्यावर गळ टाकून बसे. मिळालेले मासे जाळीच्या पिशवीत घालून पिशवी काठाशी पाण्यात सोडायची, म्हणजे ते जिवंत राहतात. पिशवी राखायला मेव्हणा, मामीचा भाऊ. हा शिंपी. बायको गेल्यावर बहिणीकडे राहायला आलेला. दुसरीकडे कुठे जाणार? जन्म सगळा शहरात, शिलाई मशीनवर गेलेला.

आणि पिशवीतले मासे घटू लागले. पाच टाकले की चार निघत, कधी तीन.

"कोण नेतं?"

"मांजर, दाजी."

"पाण्यातल्या पिशवीतून? ते काय पोहत आलं?"

"हो. पोहतच आलं."

मामाने घरी येऊन मामीला सांगितलं, "कुंपणच शेत खातंय."

"अहो, त्याला धड स्टोव्ह पेटवता येत नाही. मासे नेऊन करणार काय?"

"विकत असेल."

"मग अंगावर एखादा नवा सदरा दिसला असता."

"शिंप्याचा सदरा नवा की उलटवलेला, कुणाला कळतं? चोरी दिसली की रविवारी त्याची ट्रंक दाराबाहेर."

मामी त्या दिवशी जेवली नाही.

शनिवारी साक्षीला मला नेलं. गळ तसाच लावून ठेवून आम्ही लव्हाळ्यामागे दडलो. पुठ्ठ्याच्या झाडांमागे मी आयुष्यभर लपलो, पण तिथे डास नव्हते. थोड्या वेळाने मेव्हण्याने इकडेतिकडे पाहिलं, वाकला आणि पिशवीला हात घातला. मामाने माझा दंड आवळला.

तेवढ्यात मेव्हण्याच्या हाताशेजारी पाण्यातून चपटं, मिशाळ डोकं वर आलं. त्या प्राण्याने पिशवीच्या तोंडातून मासा ओढला, काठावर बसून दोन्ही पंजांत धरला आणि डोक्याकडून कुरकुर चावू लागला. मेव्हणा जरा सरकून बसला, पंगतीत जागा करून द्यावी तसा.

मामा उठला. "अरे, हा तर ऊद."

"मला नाव कुठे माहीत, दाजी. मांजरासारखं दिसलं."

"पाणमांजरच म्हणतात त्याला," मी म्हणालो. "निम्मं बरोबर होतं त्याचं."

मला वाटलं, पडदा पडला. पण मामाची भुवई खाली येईना.

"पिशवीची गाठ मी मारतो. पडद्याच्या दोरीची गाठ आहे ती. उदाला सुटायची नाही."

मेव्हणा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "मी सोडतो. पहिल्या दिवशी त्याने जाळी फाडली होती. मी शिवली. पुन्हा फाडली, पुन्हा शिवली. म्हटलं, रोज शिवण्यापेक्षा तोंडच सैल ठेवावं."

मामाने पिशवी उचलून डोळ्यांजवळ नेली. दोन ठिकाणी टाके होते, इतके बारीक की बोट फिरवूनच समजले. मामा कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला.

"म्हणजे चोर नाहीस," तो अखेर म्हणाला, "फितूर आहेस. ट्रंक राहू दे जागेवर. पण उद्यापासून गळ तू धरायचा. पिशवी मी राखणार."