चढावरचं मिसिंग

माझ्या दादाला सगळे 'कानसेन' म्हणतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटून उभा राहिला, की गिऱ्हाइकंसुद्धा हळू बोलायला लागतात. पुढच्या खोलीत सुट्या भागांचं दुकान मी सांभाळते. बोलण्याचं कामही माझ्याकडेच आहे, कारण दादा दिवसाला मोजून वीस शब्द खर्च करतो. त्याची एक खोड आहे. चाचणीला तो गिऱ्हाइकाला कधी गाडी चालवू देत नाही, स्वतःच बसतो, आणि बसायच्या आधी सीट पार मागे ढकलतो. सहा फुटी माणूस, तंगड्या मावायला नकोत?

नर्सरीवाल्या वहिनी जुना पिकअप घेऊन आल्या, तेव्हा त्यांचा नवरा जाऊन तीन महिने झाले होते. रोपांच्या शेडमध्येच छातीत कळ आली आणि खेळ संपला. गाडी त्याची होती. त्याचा कोट अजून सीटमागच्या खुंटीला होता आणि आरसाही त्याच्या उंचीला लावलेला, त्यामुळे वहिनींना त्यात मागचा रस्ता न दिसता नुसतं छत दिसायचं. "नीट करून घ्या की तो," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "राहू दे."

"मिसिंग करते, इंजिन ठोके चुकवतं," त्यांनी दादाला सांगितलं. "फक्त चढावर. तेही बाहेर जाताना."

त्यांच्या नर्सरीतून बाहेर पडायला एकच रस्ता आहे आणि तो फाटकापासूनच चढतो. रिकामी गाडी अडखळत कशीबशी वर यायची, भरलेली नाही. रोपं बाजारात पोचली नाहीत तर नर्सरी बंद करून भावाकडे जाऊन राहायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

दादाने प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर खोलून धुतला. मग तोच चढ स्वतः तीनदा चढून आला. गाडी सुतासारखी सरळ. दोन दिवसांनी वहिनी परत. त्याने बॉनेटखालच्या वायरी तपासल्या, डिस्ट्रिब्युटर उघडून पुसला, पुन्हा चढून आला. गाडीचं काही म्हणणं नव्हतं. तिसऱ्या खेपेला त्या दादाकडे गेल्याच नाहीत. माझ्या काउंटरपाशी आल्या आणि दाराकडे बघत हळू बोलल्या.

"ताई, हसू नका. त्यांना मी गेलेलं आवडत नाहीये. मी 'बरं, परत फिरते' म्हटलं की गाडी लगेच गप चालायला लागते."

भुताखेतांचं कुणी काढलं की मी चारचौघांत त्याची टोपी उडवते. वहिनींच्या बाबतीत मात्र माझी जीभच रेटेना. त्या घाबरलेल्या नव्हत्या, त्यांनी मान्य करून टाकलं होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"आज गाडी वहिनी चालवतील," मी दादाला बजावलं. तो कुरकुरला, पण मागे हौद्यात चढून केबिनच्या काचेला कान लावून बसला. मी वहिनींच्या बाजूला बसले. त्यांनी सीट पुढे ओढली, खट, खट, खट, खट. तेव्हा कुठे त्यांचे पाय पोचले.

सपाटीवर गाडी छान होती. आम्ही खाली उतरून नर्सरीच्या फाटकाशी गाडी वळवली आणि चढाला लागलो, आणि अर्ध्यावर इंजिन अडखळलं. एक ठोका चुकला, मग दोन, मग सलग चार. सकाळचे अकरा वाजलेले, लख्ख ऊन, आणि माझ्या हातावर काटा. सीटमागचा कोट प्रत्येक धक्क्याला वहिनींच्या खांद्याला लागत होता. त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "बरं. परत फिरते." गाडी वळवली, उताराला लागलो, आणि इंजिन असं सरळ चाललं की जणू काही झालंच नव्हतं. देवाशप्पथ सांगते, केबिनमध्ये आम्ही दोघीच आहोत ना, हे मी मान वळवून बघितलं.

येताना चढ दादाने चढवला, गाडी पुन्हा सरळ. गॅरेजमध्ये तो उतरला तो डोकं खाजवत. "मी चालवतो तेव्हा काय वेगळं असतं?" तो स्वतःशीच पुटपुटला.

"तुझ्या तंगड्या," मी म्हटलं. "वहिनींना सीट चार खटके पुढे घ्यावी लागते."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. तो पाना घेऊन आत शिरला आणि सीट उचलून बाजूला ठेवली. काखेत कळसा नि गावाला वळसा! सीट सरकते त्या पट्टीखाली एक बारीक वायर होती, कॉइलकडे जाणाऱ्या वायरीला केबिनमध्येच जोडलेली, टोकाला सोललेली. सीट पुढे आली की ती लोखंडाला टेकायच्या बेतात यायची. चढावर बसणाऱ्याचं वजन मागे पडलं की टेकायची, ठिणगी मरायची. उताराला पुन्हा सुटायची. वायरीच्या जोडावर टेप होती आणि टेपवर मेणाचा दोरा, तीन गाठींचा. असा दोरा आमच्या भागात एकच माणूस बांधतो.

"मीच बसवलीय," दादा म्हणाला.

वहिनी बाहेर बाकावर होत्या. दादा आतच उकिडवा बसून मला सांगत होता. अकरा वर्षांपूर्वी नर्सरीवाला आला होता. चोरांचा बंदोबस्त हवा म्हणाला. सीट पुढे ओढली की गाडीने चढावर मिसिंग करायचं, पण पुरतं बंद पडायचं नाही. चोराला वाटलं पाहिजे, इंजिनच असं आहे. "मला ती कल्पना फार आवडली होती गं," दादा म्हणाला. "मग दुसऱ्या हजार गाड्या आल्या. विसरलो."

"आणि चोर बुटका असणार, हे त्याला आधीच कसं माहीत होतं?" मी विचारलं.

दादाने माझ्याकडे बघितलं. आपलेच दात, आपलेच ओठ. मग म्हणाला, "वायर काढून टाकतो. गाडी चालेल. झाकली मूठ राहू दे, गेलेल्या माणसाचं कशाला..."

"ती बाई केबिनमध्ये एकटी बसून त्याची परवानगी मागते," मी ओरडले. "उद्या गाडी चढली तर म्हणेल त्याने सोडलं. आणखी कुठे अडली तर पुन्हा माघारी फिरेल. सांग तिला. नाहीतर मी सांगते."

सांगितलं दादानेच. वायर हातात धरून, बाकासमोर उभं राहून, दिवसभराचे वीस शब्द एका दमात. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"पाऊस सुरू व्हायच्या आधी बसवली, का नंतर?"

"आधी."

त्यांनी मान हलवली. "पोरगी तेव्हा चार वर्षांची होती. पावसाळ्यातच निघाले होते मी तिला घेऊन. ते झोपलेले असताना. दोन पिशव्या होत्या. अर्ध्या चढावर गाडी अडखळायला लागली. म्हटलं, देवालाच मान्य नाही. माघारी फिरले, तर हे पायरीवर बसलेले. चहा करून ठेवलेला, दोन कप. काही विचारलं नाही, काही नाही. नुसतं म्हणाले, ये."

दादाने सीट परत बसवली. वहिनी आत चढल्या, सीट चार खटके पुढे ओढली, इंजिन चालू केलं. दादा खिडकीपाशी वायरीसकट हात जोडून उभा होता. वहिनींनी त्याच्या हातातली वायर मागून घेतली आणि त्या तीन गाठींवरून अंगठा फिरवला.

"हात चांगला आहे हो तुमचा, भाऊ," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं टिकलं."