व्हरमाँटच्या खेड्यात बाबांचा मॉर्निंग वॉक

माझ्या बाबांनी वाईच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलं. इंग्लंडमधलं खेडं, त्यातलं हिरवं कुरण, चर्च, तळ्यातली बदकं, हे सगळं त्यांनी पोरांना फळ्यावर काढून दाखवलं आणि स्वतः कधी पाहिलं नाही. आई गेल्यानंतर, २००६ च्या उन्हाळ्यात, ते पहिल्यांदा आमच्याकडे अटलांटाजवळच्या अल्फारेटाला आले. आता त्यांना ते खेडं दाखवायचंच, असं मी ठरवलं. पण आम्ही एच-वन व्हिसावाले. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना व्हिसाच्या नव्या स्टॅम्पिंगची टांगती तलवार. "मग इथल्याच न्यू इंग्लंडला, व्हरमाँटला जाऊ या की," माझा नवरा समीर म्हणाला. दुधाची तहान ताकावर! खरं सांगू, मला खेड्याचं एवढं पडलं नव्हतं. बाबा आमच्याच घरात पाहुण्यासारखे अवघडून बसायचे. इथे त्यांचं मन रमलं तर पुढच्या वर्षी परत येतील, नाहीतर वाईला एकटेच राहतील, ही माझी काळजी होती.

अटलांटा ते बॉस्टन विमान, पुढे भाड्याची गाडी. विमानतळावर 'रँडम' तपासणीसाठी नेहमीप्रमाणे समीरच निवडला गेला. २००१ च्या हल्ल्यानंतर त्याला याची सवय झालीय, मला नाही. बॉस्टनहून व्हरमाँट तीनेक तासांवर आहे. हायवे सोडण्याआधी गॅस, म्हणजे पेट्रोल, भरून घ्या आणि नकाशाचे प्रिंटआउट जवळ ठेवा, कारण पुढे मोबाइलला रेंज मिळत नाही.

गाव मात्र चित्रासारखं निघालं. मधोमध कुरण, पांढरं लाकडी चर्च, तळं, आणि तळ्यात चक्क बदकं. बाबांनी चष्मा पुसून परत लावला. "अगदी फळ्यावरचं," ते म्हणाले. मला बरं वाटलं, पण थोडाच वेळ. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला आम्हाला हात करत होता. ओळख ना पाळख, हात कशाला करतात? गावातल्या एकुलत्या एक दुकानात मी हिरव्या मिरच्या मागितल्या. मिरच्या नव्हत्याच, पण दुकानदाराने आम्ही कुठून आलो, कुणाकडे उतरलो, किती दिवस राहणार, सगळं विचारून घेतलं. संध्याकाळी आमची घरमालकीण डोरोथी (तिच्या घरातल्या दोन खोल्या, सकाळच्या नाश्त्यासकट) हसत म्हणाली, "मिरच्या नाही मिळाल्या ना?"

मी तिला मिरच्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"हे लोक आपल्यावर नजर ठेवून आहेत," मी खोलीत येऊन म्हटलं.

"रिलॅक्स यार," समीर म्हणाला. "छोटं गाव आहे, गॉसिप करणारच."

"वाईला नाही का विचारत, कुणाकडचे पाहुणे म्हणून?" बाबाही त्याच्याच बाजूचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले तर बाबांचे बूट जागेवर नव्हते. डोरोथी पॅनकेक करत होती. (अंडं चालत नसेल तर आदल्या रात्रीच सांगा, ती ओट्स करून देते.) तेवढ्यात दारात पोलिसांची गाडी थांबली आणि मागच्या सीटवरून बाबा उतरले. डोक्याला माकडटोपी, झब्ब्यावर स्वेटर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत गुलाबी-पांढरी टपोरी पिओनीची फुलं.

काय झालं असेल ते वाचकांनी ओळखलंच असेल. पहाटे फिरायला जायचं आणि येताना पूजेला फुलं आणायची, हा बाबांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. कुंपणाबाहेर आलेली फांदी सगळ्या गावाची, हा त्यांचा कायदा. आणि या गावात कुंपणंच नव्हती!

पोलीस तरुण होता, नम्र होता. तोंड झाकलेला एक अनोळखी माणूस घराघरांच्या आवारात शिरतोय, असा कुणीतरी फोन केला होता म्हणे. "सर म्हणाले, फुलं देवासाठी आहेत," तो म्हणाला. "आता हे कागदावर कसं लिहायचं ते मला कळेना, म्हणून काही लिहिलं नाही."

फोन करणाऱ्या बाईंची माफी मागायला जायचंच, असा बाबांनी हट्ट धरला. बाईंचं नाव नोरा. सत्तरीच्या, हातात बागकामाचे मोजे. बाबांनी वर्गात शिकवत असल्यासारखं शुद्ध इंग्रजीत क्षमा मागितली. त्या हसल्या. "फुलं राहू द्या तुमच्याकडेच. देवाला माझं नाव सांगा," म्हणाल्या. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण मला राहवेना.

"ते गोरे असते, तरी केला असता फोन?"

"अगं, पुरे," बाबा मराठीत पुटपुटले.

नोराबाईंनी मोज्यावरची माती झटकली. "कदाचित नसता केला," त्या म्हणाल्या.

"खरं बोलली बाई," परतताना बाबा म्हणाले. असेल. ती खरं बोलली म्हणून माझा राग काही गेला नाही. आणि राग नक्की कुणाचा करायचा, तेही कळेना, कारण फुलं तर बाबांनी खरोखरच चोरली होती.

तुम्ही जरूर जा. जूनमध्ये थंडी बेताची असते, चीज उत्तम मिळतं, आणि रस्त्यावर हात करणारे लोक मनाने वाईट नसावेत, असं मी तरी स्वतःला सांगत असते. घरी आल्यावर बाबांनी वाईच्या मित्रांना फोन करून चर्च आणि बदकं रंगवून सांगितली. पोलिसाचं नाव काढलं नाही. ट्रिप त्यांना आवडली, असं मी धरून चालले.

सोमवारी सकाळी उठले तर बाबा बूट घालून दाराशी उभे. केव्हापासून, कोण जाणे.

"जाऊ का गं फिरायला?" त्यांनी खिशावर हात ठेवला. "पासपोर्ट घेतलाय बरोबर."

साधं पाणी प्यायला जायचं तरी अख्खी शाळा ज्यांची परवानगी मागायची, ते माझे बाबा. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले.