मधुकरकाकांच्या वाटणीची फाटी

इब्रामपूरच्या सत्यवतीकाकींनी नवऱ्याला, मधुकरकाकांना, एक शब्द दिला होता, आणि तोच शब्द त्या रोज सकाळी न्हाणीच्या चुलीत घालत होत्या.

आमच्याकडे परसातला एखादा आंबा मालकाच्या सरणासाठी राखतात. मधुकरकाकांनी आपला तरुणपणीच ठरवलेला. पुढे काका अर्धांगाने खाटेवर पडले, आणि आंब्याची मुळं घराच्या भिंतीत शिरली. मुलगा देवेश झाड कापूया म्हणाला.

"काप," काका म्हणाले. "पण फाटी माझी. चुलीत जाता नये."

"एक ढलपी हालाची नाय," काकींनी सांगितलं. झाड पडलं; फोडलेली लाकडं, म्हणजे फाटी, अंगणातल्या खोपीत रचली गेली.

आषाढात रोजच्या जळणाच्या काजूच्या फांद्या भिजून कुजल्या. गॅस वापरा म्हणून शहाणपण शिकवणाऱ्यांनी अर्धांगाचा माणूस एकदा न्हाऊ घालून बघावा. रोज मोठं तांब्याचं भाण भरून कढत पाणी लागतं. सिलिंडर जेवणालाच पुरत नाही. काकींनी आंब्याची एक ढलपी काढली. मग रोज दोन. काढायच्या त्या ढिगाच्या मागून. काकांची खाट पडवीत, खोपीच्या समोर. तिथून पुढची रांग दिसायची, भरलेली.

गावात कुठेही करवत वाजली की मी झाडांच्या बाजूने भांडायला जातो. हा आंबा पडल्याचं फार उशिरा कळलं, तरी इथेही गेलो, तोडायचा परवाना कोणी दिला म्हणून तावातावाने विचारलं.

काकी खोपीत वाकलेल्या. "तू माका दंड कर रे बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी तरी करूक होयो."

मला काही कळायच्या आत त्यांनी ढलपी ओढली आणि पुढची रांग धडाधड कोसळली. मागे नुसती भिंत.

काका पडवीतून बघत होते.

"कधीपासून गे?"

"आषाढापासून. तुमका ऊन पाणी होया हुता."

"आणि मेल्यावर माका कित्यात जाळतलंस? नारळाच्या सोडणांत?"

मला हसू आलं, ते गिळलं. काकींनी पदर तोंडाला लावला.

"पाणी निवता," काका म्हणाले. "न्हाणयतलंस मा?"

दुसऱ्या दिवशी काकींनी उरलेली फाटी भिंतीला टेकवून रचली. ढीग जेमतेम गुडघ्याएवढा झाला. काका तो बघत होते. काकींनी त्यातलीच एक ढलपी घेतली, आज पुढून, आणि काकांकडे न बघता न्हाणीत गेल्या.