रिकाम्या हातांचा मान

आदरणीय रेव्हरंड सिलास साळवे वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत आणि त्यांच्या या गौरवग्रंथात मीही लिहावे असा चर्चच्या मंडळीचा आग्रह आहे. मी दौंडला शाळेचे गणवेश शिवते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवते. माझी जीभ तिखट आहे हे ठाऊक असूनही मला सांगितले, तेव्हा जे आहे ते लिहिते.

आमच्या या पाळकसाहेबांची पहिली ओळख शिरूरची. मी दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चचे पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गात होते आणि साहेब नवीनच बदलून आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "काम कधी सुरू झाले? आदामाने पाप करण्याआधी की नंतर?" आम्ही एका सुरात ओरडलो, "नंतर!" घरोघरी तेच तर ऐकत होतो. साहेबांनी बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचे पान उघडायला लावले. देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला, आणि ते पापाच्या आधीच. मी घरी जाऊन तावातावाने सांगितले, "आप्पा, काम म्हंजी शिक्षा न्हाई!" माझे वडील कांद्याच्या मार्केटात हमाल. ते पाठीला तेल चोळून घेत होते. म्हणाले, "व्हय का? तुझ्या पाळकांना म्हणावं, एक पोतं उचला, मंग सांगा."

मी आगाऊच. पुढच्या रविवारी जसेच्या तसे सांगून टाकले. साहेब पोटभर हसले, आणि त्याच आठवड्यात मार्केटात आप्पांशेजारी जाऊन बसले. "बाग आधीची, आप्पा, काटे आणि घाम नंतरचे. दोन्ही शास्त्रातच आहे," ते म्हणाले. आप्पा म्हणाले, "मंग बागंचं तेवढं सांगत ऱ्हावा. काटं आमाला ठावं हायती." त्या दिवसापासून दोघांचा जो स्नेह जमला तो आप्पांच्या अखेरीपर्यंत टिकला.

पुढे माझे लग्न दौंडला झाले, आणि काही वर्षांनी साहेबांची बदलीही तिथेच झाली. आमच्या मंडळीत रेल्वेचे लोक, कंपन्यांतले कामगार, केडगाव-खुटबावकडची शेतकरी घरे, दवाखान्यातल्या आया, असे सगळे. काही कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असे, त्यांची रविवारची उपासना कायम बुडे. साहेबांनी त्यांच्यासाठी गुरुवारी संध्याकाळी वेगळी उपासना सुरू केली. चर्चचे जुने पंच कुरकुरले. साहेब शांतपणे म्हणाले, "विसावा माणसासाठी आहे, पंचांसाठी नाही." मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

आमच्याकडे वर्षातून एकदा हंगामाची उपासना होते. लोक शेतातले पहिले पीक आणून प्रभुभोजनाच्या मेजासमोर ठेवतात. ज्यांना शेत नाही ते बाजारातून भोपळा विकत आणायचे. साहेबांना ते रुचेना. "विकतचा भोपळा देवाला कशाला? तुमच्या कामातली वस्तू आणा. प्रभू येशूने सुतारकी केली, प्रेषित पौलाने तंबू शिवले." झाले! उसाच्या मोळीशेजारी रेल्वेची हिरवी झेंडी आली, माझी कात्री आली, आणि दवाखाना झाडणाऱ्या शांताबाईंचा खराटा आला. खराटा मेजासमोर? मोठी कुजबुज झाली. साहेबांनी तो स्वतः हातात घेऊन आशीर्वाद मागितला. शांताबाई पदराने डोळे पुसत होत्या. रांगेने एकेकाने पुढे यायचे, काम सांगायचे आणि वस्तू ठेवायची, ही आमची रीतच पडली.

आमचे मिस्टर सुधीर दर वर्षी स्वतः घडवलेला एखादा सुटा भाग ऐटीत घेऊन जात. मग त्यांच्या कंपनीने तो विभागच दुसरीकडे हलवला आणि कंत्राटावरची सगळी माणसे घरी बसली. सुधीर गेटागेटावर फिरले. कुठे वय आडवे आले, कुठे ओळख कमी पडली. त्यातच एका पंचांनी प्रार्थनासभेत पौलाचे वचन फेकले, की जो काम करीत नाही त्याने खाऊ नये. त्या दिवसापासून सुधीर चर्चला येईनात. घरातसुद्धा दुसरी भाकरी मागेनात. माझ्या काळजाचे पाणी झाले. धडधाकट माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता.

हंगामाच्या उपासनेआधी पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "सुधीरराव, रविवारी या." सुधीर एकदम उसळले. "काय घिऊन येऊ, साहेब? रिकामं हात? तुमच्या त्या रांगेनं माझी लाज चव्हाट्यावर आणलीया." मी मध्ये पडणार होते, पण साहेबांनी हाताने मला थांबवले. त्यांनी एकही वचन सांगितले नाही. चहा घेतला आणि खाली मान घालून गेले.

रविवारी सुधीर मला गाडीवरून सोडायला आले आणि बाहेरच थांबले. रांग लागली. साहेब दर वर्षी आपले शास्त्र हातात घेऊन शेवटी चालत. त्या दिवशी त्यांच्या हातात काहीच नव्हते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "ही रीत मी सुरू केली. कामाला मान देता देता मी माणसाचा मान कामाला टांगला. माझे चुकले. प्रभूच्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळायला आला तरी मजूर लावायला चौकात गेला. तिथे उभे असलेले म्हणाले, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. धन्याने त्यांना आळशी म्हटले नाही. पूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण घरची चूल अर्ध्या दिवसावर पेटत नाही. आजपासून रिकामे हात पुढे येतील. मंडळीने मला क्षमा करावी."

एवढे बोलून साहेब मधल्या वाटेने दाराबाहेर गेले आणि सुधीरांचा हात धरून त्यांना आत घेऊन आले. दोघे मेजासमोर रिकाम्या हातांनी उभे राहिले. मग म्हातारे उठले, आजारी उठले, आणि वचन फेकणारे ते पंचसुद्धा रिकाम्या हातांनी उठले. मी तर सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. त्या दुपारी सुधीर पोटभर जेवले. नोकरी नंतर कुरकुंभच्या एका कारखान्यात लागली, पण माझा नवरा मला त्या रविवारीच परत मिळाला होता.

आता साहेबांचे हात थरथरतात, पुस्तक धरवत नाही. या सत्काराचे विचारायला आम्ही गेलो तेव्हा म्हणाले, "आता माझ्याकडून काहीच काम होत नाही. सत्कार कशाचा करता?" सुधीर त्यांच्या पायाशी बसले होते. त्यांनी ते थरथरणारे हात आपल्या हातांत घेतले. "आसं बोलू नगा, साहेब," ते म्हणाले, "न्हाईतर मला पुन्यांदा बाहेर जाऊन हुबं ऱ्हावं लागंल."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते सत्काराला कबूल झाले. देवाने तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य द्यावे, साहेब. कामासाठी नको, ते तुमचे पुष्कळ झाले. आमच्यात नुसते बसून, आमच्या ताटातली भाकरी खाण्यासाठी द्यावे.