युसुफची बिनबोल्टची रायफल

ब्रह्मदेशच्या लढाईवरून परतलो तेव्हा निजामाचं राज्य अजून होतं, पण त्याचे दिवस भरत आले होते. निजामाच्याच फौजेत माझी ड्यूटी लागली, चाकूरच्या अलीकडच्या दगडी पुलावर पहाऱ्याची. मी नाईक. जोडीला लान्स नाईक युसुफ, उदगीरचा. लढाईत आम्ही एकाच खंदकात होतो.

लोक मला विचारतात, भीती वाटायची का? अहो, वाटायची म्हणजे? हाडात घुसून बसली होती. पण गोळीबारात ती यायची न्हाई. सगळं शांत असलं, की यायची.

पहिल्यांदा आली ती जेवताना. घास हातात, अन् छातीवर कुणी जातं ठेवल्यागत झालं. घसा कोरडा, कानात घूं घूं, बोटांत मुंग्या. मेलो, एवढंच कळलं.

समोर बसलेल्या युसुफनं विचारलं, "बोटांत मुंग्या?"

"हाव."

"मरत न्हाईस. मेरे को भी होता. सांस लंबी छोड. पाय जमिनीला दाब."

हळूहळू ओसरलं. तोवर माझी भाकरी कुत्र्यानं पळवली. युसुफ हसून हसून लोळला, हरामखोर.

दवाखान्यात डॉक्टरनं छाती तपासली अन् "दिल ठीक है" म्हणून वाटेला लावलं. माझ्या आईनं भानामती ठरवली. युसुफच्या अम्मानं त्याला ताईत बांधला. आमच्या सुभेदारसाहेबांना सांगायची सोय नव्हती. बुजदिल, भित्रा म्हणून शिक्का बसला असता. मग आम्ही आपसात एक कायदा केला. मुंग्या आल्या, की रायफलचा बोल्ट काढून जोडीदाराच्या हातात द्यायचा. बोल्ट नसला की रायफल म्हणजे नुसती काठी. त्या अवस्थेत समोर येणारा जो तो दुश्मन दिसतो. बोट दबलं तर एखादा बिचारा फुकट जायचा. बोल्ट परत देण्याआधी जोडीदारानं विचारायचं, "बोटं?" तिथं खोटं बोलायचं न्हाई.

त्या दिवशी चाकूरचा बाजार होता. दुपार कलली होती, वारा पडलेला. एव्हाना बाजारची माणसं परतायला पाहिजे होती. रस्ता रिकामाच. कुठं पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मला काही ते बरं वाटेना. युसुफकडं पाहिलं, तर त्याचे ओठ पांढरे पडलेले. त्यानं बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला.

"श्वास सोड," मी म्हणालो.

"सोडून राहिलो, बाबा."

तेवढ्यात वळणावर गाड्या दिसल्या. बाया, लेकरं, डोक्यावर गाठोडी. ती पुलाच्या मध्यावर आली अन् पलीकडच्या उभ्या ज्वारीतून फायर आला. कुणी केला, हे आजवर कळलं न्हाई.

"टेक कव्हर!" मी ओरडलो. माणसं पुलावरच जागच्या जागी बसली. बैल उधळले. मी ज्वारीच्या रोखानं उलट फायर सुरू केला अन् डाव्या हातानं बोल्ट युसुफपुढं धरला.

"बोटं?"

त्यानं हात पाहिला. थरथरत होता. "अभी हैं."

"असू दे! घे रे!"

"नक्को. सामने औरतां हैं. तू कव्हर दे."

रायफल तिथंच ठेवून तो रिकाम्या हातानं पुलावर धावला. एकेकाला ओढून कठड्याआड घालायला लागला. मी मॅगझिन रिकामं करत होतो, देवाचं नाव घेत होतो, त्याला शिव्याही देत होतो. शेवटची म्हातारी आडोशाला गेली, तेव्हा तो उभाच होता. तेवढ्यात त्याला गोळी लागली. जागीच गेला.

सुभेदारसाहेब आले. बिनबोल्टची रायफल उचलून म्हणाले, "डर के भाग रहा था?"

मी बोल्ट पुढं केला अन् सगळं सांगितलं. त्याचं सांगितलं, माझंही सांगितलं. मला पहाऱ्यावरून काढून लंगरखान्यावर, भाकऱ्या भाजायला धाडलं. माझ्या नावाला बुजदिल चिकटलं ते चिकटलंच. चिकटू दे. युसुफच्या नावाला न्हाई चिकटलं.

उदगीरला त्याच्या घरी गेलो. अम्मानं पाणी दिलं अन् एकच विचारलं, "डर गया था क्या मेरा बच्चा?"

जिभेवर खोटं आलं होतं. गिळलं.

"हाव अम्मा. लई डरला होता. हात थरथरत होते."

"फिर?"

"फिर भी गया."

तिनं ओढणी तोंडाला लावली.  मग म्हणाली, "बचपन से ऐसाच था. अंधेरे से डरता, और रात को बहनों को बाहर लेके वहीच जाता."